रात्री रेल्वेचे फोटो काढताय? मग आधी लाइटचं बघू

सगळ्यात आधी फ्लॅश बॅगेत टाका आणि चेन लावून घ्या. रात्रीचे रेल्वे फोटो म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो कुठला फ्लॅश घेऊ, आणि मी म्हणतो धावत्या गाडीसाठी कुठलाच नको, मग समोरचा जरा नाराज होतो कारण त्याने आधीच ऑर्डर करून ठेवलेला असतो. वाया जाणार नाहीये तो. त्याचं काम आहे पण वेगळ्या जागी आहे, तिथे शेवटी येतोच.

धावत्या गाडीवर फ्लॅश का नाही, तर इंजिनातला माणूस अंधाराला डोळे सरावलेल्या अवस्थेत बसलेला असतो. आपण गावाला रात्री घराबाहेर आलो की आधी काही दिसत नाही, मग हळूहळू विहीर दिसते, गोठा दिसतो, तसंच. डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि ते घालवायला एक फ्लॅश पुरतो. त्याला पुढचा सिग्नल वाचायचाय, मागे हजार-दीड हजार माणसं झोपलेली आहेत. आपल्या एका फोटोसाठी हा धोका पत्करायचा नाही, विषय संपला.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. रेल्वेत रात्री दिवा ही भाषा आहे. लाल दिवा म्हणजे थांबा हे सगळ्यांना कळतं, पण पांढरा दिवा जोरजोरात हलवला तरी त्याचा अर्थ थांबाच होतो. इंजिनावर लुकलुकणारा पिवळा फ्लॅशर लागला की समोरून येणाऱ्या गाडीने थांबायचं असतं कारण शेजारच्या लाइनवर काहीतरी घोळ असू शकतो. आता विचार करा, तुम्ही रुळाच्या कडेला उभे राहून लाइट पेंटिंग म्हणून टॉर्च गरागरा फिरवताय. तुमच्यासाठी ती कला आहे, ड्रायव्हरसाठी तो धोक्याचा इशारा आहे आणि तो ब्रेक मारणार, मारायलाच पाहिजे त्याने. मग तुम्ही कलाकार राहत नाही, आरोपी होता. १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम १४७ नुसतं हद्दीत घुसण्यासाठी आहे, त्यातच सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि निष्काळजीपणाने गाडीला धोका केला तर कलम १५४, एक वर्षापर्यंत.

माझी स्वतःची चूक सांगतो. सुरुवातीला एका स्टेशनवर मी फ्लॅश बंद केला होता, अगदी आठवणीने, आणि शहाण्यासारखा पिवळ्या पट्टीच्या मागे उभा होतो. गाडी येताना शटर अर्धं दाबलं आणि कॅमेऱ्याने फोकस करायला स्वतःचा छोटा दिवा लावला. लालसर नारिंगी. थेट इंजिनाच्या तोंडावर. ड्रायव्हरने जो लांबलचक हॉर्न दिला तो अजून कानात आहे, बाकावर बसलेले दोन आजोबा माझ्याकडे असे बघत होते की मला प्लॅटफॉर्म फाटून आत घेईल तर बरं असं झालं. तर मेनूमध्ये जाऊन एएफ असिस्ट नावाचा तो दिवा घरीच बंद करून या. फोनवाल्यांनी फ्लॅश ऑटोवर ठेवू नका, पूर्ण ऑफ करा.

आणि समजा हे सगळं बाजूला ठेवलं तरी गणितात फ्लॅश बसत नाही. चांगला मोठा कॅमेऱ्यावरचा फ्लॅश ३५ एमएमच्या झूमला साधारण ३६ गाइड नंबरचा (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) धरा. गाइड नंबर भागिले अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड पोचतो ते मीटरमधलं अंतर. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १०० ला अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ ८ ठेवलं तर ३६ भागिले ८, साडेचार मीटर. आयएसओ ४०० केलं तर नऊ मीटर. आणि एलएचबीचा (नव्या बनावटीचा) एक डबा जवळपास साडेतेवीस मीटरचा! म्हणजे पहिला दरवाजा पांढराफटक, मधल्या खिडक्या बऱ्या आणि पुढे काळोख. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नाही, पाव होतो, हे डोक्यात पक्कं बसवा, पुढे कामाला येईल.

मग त्या अमेरिकनाने कसं केलं?

हा प्रश्न येतोच, कारण रात्रीचे रेल्वे फोटो शोधले की ओ. विन्स्टन लिंकचं नाव येणारच. न्यूयॉर्कचा जाहिरातींचे फोटो काढणारा माणूस. १९५५ ते १९६० या काळात तो व्हर्जिनिया आणि आसपासच्या भागात नॉरफोक अँड वेस्टर्न या रेल्वेमागे लागला, कारण तिथे वाफेची इंजिनं शेवटचे दिवस मोजत होती. रात्री का, तर सूर्य आपल्याला हवा तिथे सरकवता येत नाही पण दिवे सरकवता येतात. त्याने चाळीसहून जास्त फ्लॅशबल्ब एका फोटोला वापरलेत, वायरी टाकून, सगळे एका सर्किटमध्ये जोडून, कारण एक जरी जोडणी सुटली तर सगळंच पेटणार नाही आणि अर्धवट उजेडाचा फोटो निघणार नाही. १९५६ च्या ऑगस्टमधला त्याचा ड्राइव्ह-इन सिनेमाचा फोटो बघा, पुढे गाडीत बसलेलं जोडपं, पडद्यावर विमान, मागून इंजिन धूर सोडत चाललंय. मजा म्हणजे बल्बच्या उजेडात पडदा पांढरा पडला होता आणि ते विमान त्याने नंतर दुसऱ्या निगेटिव्हवरून बसवलं. म्हणजे एडिटिंगला नावं ठेवणाऱ्यांना आपण हे सांगू शकतो.

पण लक्षात घ्या, रेल्वे कंपनी त्याच्या बाजूने होती. परवानगी होती, कर्मचाऱ्यांना माहीत होतं की अमुक ठिकाणी उजेड होणार आहे. गाडी कधी येणार हे त्याला कळायचं. शिवाय जुना फ्लॅशबल्ब एकदाच पेटायचा पण आपल्या स्पीडलाइटपेक्षा (कॅमेऱ्यावर लावायचा फ्लॅश) कितीतरी जास्त उजेड द्यायचा. आपल्याकडे यातलं काहीच नाही. त्यामुळे त्याच्याकडून घ्यायचं ते एवढंच की त्याने नुसतं इंजिन उजळवलं नाही, आजूबाजूचं उजळवलं. पोहणारी पोरं, पेट्रोल पंप, घराचा ओटा. गाडी मागून जाते. त्याचे फोटो बघताना मी इंजिन सोडून बाकी काय काय उजेडात आहे तेवढंच मोजतो, अभ्यास म्हणाल तर तो.

आपला स्टुडिओ म्हणजे प्लॅटफॉर्म

तर कृत्रिम प्रकाश आपण आणायचा नाही, रेल्वेने लावलाय तो वापरायचा. प्लॅटफॉर्मवरचे दिवे, डब्यातले दिवे, सिग्नल, इंजिनाचा हेडलाइट, चहाच्या स्टॉलची ट्यूब. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढा, दोन तास मिळतात.

वेळ कुठली? एकदम काळोख झाल्यावर नको. सूर्य मावळल्यावर साधारण वीस मिनिटांनी आकाश गडद निळं व्हायला लागतं आणि पुढची पंधरा मिनिटं आकाश आणि दिवे यांचा उजेड जवळपास सारखा असतो. तेव्हा छपराची कड, ओव्हरहेड वायरी, डोंगर सगळं दिसतं. त्यानंतर आकाश म्हणजे काळा फळा. आता ही पंधरा मिनिटं आणि गाडीची वेळ जुळवायची, खरी मेहनत तिथे आहे. उदाहरण देतो, डेक्कन क्वीन मुंबईहून संध्याकाळी ५.१० ला निघते आणि कर्जतच्या आसपास पावणेसात वगैरेला असते. डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास गेलेला असतो म्हणजे काळा फळा. मे महिन्यात सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो म्हणजे अजून ऊन. जानेवारीचे पहिले दोन-तीन आठवडे, तेव्हा बरोबर निळ्या वेळेत सापडते. वेळापत्रक बदलत असतं त्यामुळे जायच्या आधी ॲपवर बघून घ्या, उगाच मला शिव्या नकोत.

कर्जत आणि कसारा ही दोन स्टेशनं मी नवीन माणसाला डोळे मिटून सांगतो. बोरघाट असो की थळघाट, दोन्हीकडे चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. म्हणून घाट चढणाऱ्या बऱ्याच गाड्यांना इथे मागून ढकलायला बँकर इंजिनं जोडतात. जोडायला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ गाडी हलत नाही. तुम्हाला फुकटात स्थिर मॉडेल मिळालं! पुढून एक इंजिन, मागे बँकर, जोडणारा कर्मचारी हातात दिवा घेऊन, हे सगळं प्लॅटफॉर्मवरूनच दिसतं. सगळ्याच गाड्यांना बँकर लागत नाही, ज्यांना पुढे-मागे इंजिन असतं त्या तशाच निघून जातात, तेव्हा आधी जरा चौकशी करा. स्टॉलवाल्याला विचारा, त्याला ॲपपेक्षा जास्त माहीत असतं.

उभ्या गाडीसाठी आयएसओ १०० किंवा २००, एफ ८, आणि शटर चार ते आठ सेकंद, इथून सुरू करा आणि स्क्रीन बघून कमीजास्त करा. दिव्यांचे तारे हवे असतील तर एफ ११ किंवा १६. स्थिर कशावर ठेवायचा हा प्रश्न. ट्रायपॉड प्लॅटफॉर्मवर उघडला की पाच मिनिटांत कोणीतरी खाकीवाला विचारपूस करायला येतोच, आणि खरं सांगायचं तर त्याचं चूक नाही, धावत लोकल पकडणारा माणूस तीन पायांत अडकून पडला तर? मी तांदळाची पिशवी नेतो. जुन्या जीन्सचा पाय कापून शिवलेली, आत दीड किलो तांदूळ. बाकावर, कठड्यावर, पुलाच्या रेलिंगवर कुठेही ठेवा, वरती कॅमेरा दाबून बसवा आणि दोन सेकंदाचा टायमर लावा. ट्रायपॉडला हटकतात, तांदळाला आजवर कोणी हटकलं नाही.

येणारी गाडी हवी असेल तर खेळ वेगळा. एफ २.८ किंवा १.८ ची लेन्स, आयएसओ १६०० ते ३२००, शटर १/१२५ च्या आसपास. प्लॅटफॉर्मला लागणारी गाडी हळू झालेली असते आणि समोरून येत असते म्हणून १/१२५ पुरतं. आडवी पळणारी असेल तर नाही पुरणार. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर, १/६० ला गाडी २८ सेंटीमीटर सरकते, १/५०० ला तीन-साडेतीन. रात्री १/५०० परवडत नाही, तेव्हा पॅनिंग करा, १/२५ ला कॅमेरा गाडीबरोबर फिरवायचा, दहातले नऊ फुकट जातात, एक असा येतो की डब्यातली खिडकीत बसलेली बाई स्पष्ट आणि अख्खं स्टेशन पुसलेलं.

हेडलाइटचं काय करायचं? समोरून घेतलं तर नुसता पांढरा गोळा आणि इंजिनाचं तोंड काळं. एक तर थोडं बाजूला सरका, दिव्याच्या सरळ रेषेत राहू नका. दुसरं, स्टेशनात उभं असताना ड्रायव्हर बऱ्याचदा हेडलाइट मंद करतो, त्या क्षणाची वाट बघा. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढून खिशात टाका. फोटोत कुठून तरी हिरवे ठिपके, उलटा हेडलाइट आकाशात तरंगताना दिसतो ना, तो त्या फिल्टरच्या काचेवर आपटून आलेला असतो. मी दोन वर्षं लेन्स खराब आहे समजत होतो, दुरुस्तीला पण देऊन आलो!

आता एलईडीची भानगड. स्टेशनांवरचे ते जुने नारिंगी सोडियमचे दिवे गेले आणि सगळीकडे पांढरे एलईडी आले. दिसतं चांगलं, वीज वाचते, मान्य आहे, पण सोडियमच्या उजेडात स्टेशनाला जी ऊब होती ती गेली आणि आता सगळी स्टेशनं दवाखान्यासारखी दिसतात हे माझं मत आहे आणि राहणार. कामाचा मुद्दा असा की बरेचसे एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात कारण आपली वीज ५० हर्ट्झची. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. १/२५० ला सलग चार फोटो काढले तर एक उजळ, एक पिवळट, एकात आडवे पट्टे. १/१०० किंवा १/५० ला आणलं की बहुतेक वेळा मिटतं. लोकलच्या कपाळावरचा इंडिकेटर तर आणखी लहरी, त्याच्या ओळी एकामागून एक पेटतात, वेगाच्या शटरला अर्धं अक्षर गायब, मग कल्याण लोकल आहे की कसारा ते तुम्हालाच ठाऊक. १/६० किंवा त्याहून हळू ठेवा म्हणजे पूर्ण नाव येतं.

व्हाइट बॅलन्सचं डोकं स्टेशनवर लावू नका. रॉ मध्ये काढा, ४००० केल्विनवर ठेवून द्या, घरी बघू.

उजेडाच्या रेघा

लाँग एक्सपोजरमध्ये गाडी गायब आणि नुसत्या रेघा, हे सगळ्यांना आवडतं आणि सोपं पण आहे. जागा मात्र सार्वजनिक पाहिजे, रस्त्यावरचा पूल, नाहीतर पादचारी पूल. जाळीतून हात बाहेर काढायचा नाही, ट्रायपॉडचा पाय किंवा सेल्फी स्टिक तर अजिबात नाही. खाली २५ हजार व्होल्टची वायर आहे आणि तिला चिकटावं लागत नाही, नुसतं जवळ गेलं तरी वीज उडी मारून येते.

आयएसओ १००, एफ ११, बल्ब मोड (बटण दाबून ठेवू तोवर शटर उघडं) आणि कॅमेऱ्याला हात न लावता बटण दाबायची केबल. किती वेळ, याचा हिशोब आधीच करा. २४ डब्यांची एलएचबी गाडी म्हणजे साधारण ५७० मीटर, ताशी ६० ने ३४ सेकंद. १२ डब्यांची लोकल अडीचशे मीटर, पंधरा सेकंद. येणाऱ्या गाडीचा हेडलाइट अख्खी फ्रेम जाळतो, म्हणून मी जाणारी गाडी घेतो, इंजिन फ्रेममधून पार झालं की मग शटर उघडायचं. खिडक्यांचा पिवळा पट्टा येतो आणि शेवटच्या डब्याचा लाल दिवा लुकलुकणारा असल्यामुळे त्याची सलग रेघ येत नाही, टाके येतात. आजी गोधडीला धावदोरा घालायची ना, हुबेहूब तसे लाल टाके वळणावर. पहिल्यांदा दिसले तेव्हा मला वाटलं कॅमेरा बिघडला.

फाटकाची जागा पण छान असते. फाटक बंद झालं की दोन्ही बाजूला गाड्या थांबतात, त्यांचे हेडलाइट चालू असतात आणि रेल्वे जाताना डब्यांच्या अंगावर तो उजेड पडतो. कोणी मुद्दाम लावलेला नाही, रोजचाच आहे. आपण बंद फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, एखाद्या टेम्पोच्या मागे. १/१५ ते १/४ सेकंद, दांडा आणि त्यावरचा लाल दिवा स्थिर, पुढे सायकलवाला स्थिर, मागे डबे वाहतायत. लिंकने चाळीसहून जास्त बल्ब लावून जे केलं त्याची गरिबाघरची आवृत्ती म्हणा. आपल्या मोटरसायकलचा दिवा मात्र मुद्दाम इंजिनाच्या दिशेने वळवून ठेवू नका, वर सांगितलं ते सगळं इथेही लागू आहे.

कोकण रेल्वेत एक वेगळी चैन आहे. मार्ग बहुतांश एकेरी, त्यामुळे क्रॉसिंगला गाडी लूपमध्ये उभी करतात आणि समोरची सुसाट निघून जाते. छोटं स्टेशन, चार दिवे, पावसाने चकाकणारी फरशी, रातकिडे. आपली उभी गाडी स्पष्ट आणि मधून दुसरी गाडी उजेडाच्या फितीसारखी, एका फोटोत दोन्ही. आठ-दहा सेकंद पुरतात. प्लॅटफॉर्मच्या बाजूनेच उतरायचं, आणि उतरल्यावर आपल्या गाडीच्या स्टार्टर सिग्नलवर (गाडीला निघायची परवानगी देणारा) एक डोळा ठेवायचा. मी स्क्रीनवर झूम करून शार्पनेस बघत बसलो होतो, सिग्नल कधी पिवळा झाला कळलंच नाही, गाडी हलली तेव्हा माझ्या चपला बर्थखाली आणि मी अनवाणी पळतोय. चढलो. पण तुम्ही नका करू.

आता काढा तो फ्लॅश

आपला स्वतःचा लाइट वापरायची खरी जागा म्हणजे चौथऱ्यावर ठेवलेलं जुनं इंजिन किंवा रेल्वे संग्रहालय. बऱ्याच स्टेशनांबाहेर नॅरोगेजचं वाफेचं इंजिन रंगवून ठेवलेलं असतं. चालत्या लाइनपासून लांब, ड्रायव्हर नाही, वायर नाही. परवानगी मात्र घ्या, स्टेशन मास्तरांना भेटून काय करणार ते सांगा, कुठून कुठे उजेड पडेल ते दाखवा. धंद्यासाठी काढत असाल किंवा मोठे लाइट, जनरेटर, मॉडेल वगैरे असेल तर झोनच्या जनसंपर्क विभागाकडे रीतसर अर्ज आणि फी. आणि चौथरा अगदी रुळाला लागून असेल तर सोडून द्या, दुसरं इंजिन शोधा.

काळं इंजिन उजळवणं हे काळी मांजर कोळशाच्या कोठारात शोधण्यासारखं आहे. मॅट काळा रंग उजेड पिऊन टाकतो आणि तेलकट रंग आरशासारखा परत फेकतो. समोरून फ्लॅश मारला तर बॉयलरवर एक पांढरा डाग आणि बाकी अंधार. म्हणून समोरून नाही, बाजूने. फ्लॅश जमिनीलगत, चाकांच्या रेषेत, जवळपास इंजिनाला समांतर ठेवा, मग चाकाचा प्रत्येक आरा, कनेक्टिंग रॉड, रिव्हेट उठून येतात कारण प्रत्येकाची सावली पडते. बॉयलरच्या गोलाईसाठी पांढरी चादर. दोघांनी ताणून धरायची, फ्लॅश चादरीवर मारायचा, इंजिनावर नाही, मग त्या काळ्या रंगात चादरीचं लांब मऊ प्रतिबिंब दिसतं आणि गोलाई कळते. चादर बिनफुलांची घ्या. आमच्या पहिल्या फोटोत बॉयलरवर गुलाब आले होते.

एकच फ्लॅश असेल तरी भागतं, हीच तर गंमत. कॅमेरा ट्रायपॉडवर, इथे ट्रायपॉड चालतो, फोकस टॉर्चच्या उजेडात करून मॅन्युअलला टाका, आयएसओ २००, एफ ८, शटर ३० सेकंद. आधी फ्लॅशशिवाय एक फोटो काढा, त्यात आकाश आणि मागचे दिवे कसे येतात बघा, तो तुमचा पाया. मग शटर उघडं असताना काळे कपडे घातलेला मित्र इंजिनाच्या कडेने चालत जातो आणि दर तीन-चार मीटरवर टेस्टचं बटण दाबून एक फ्लॅश मारतो, चाकांकडे, मग केबिनकडे, मग चिमणीच्या खालून वर. अंतर दरवेळी सारखं ठेवायचं, का ते वर सांगितलंय, दुप्पट लांब गेला तर पाव उजेड. फ्लॅश आणि कॅमेरा यांच्यामध्ये त्याचं अंग आलं तरी चालेल, पण फ्लॅशचं तोंड कॅमेऱ्याला दिसता कामा नये, आणि तो स्वतः मागच्या दिव्यांपुढे थांबता कामा नये, नाहीतर माणसाच्या आकाराचं भूत येतं. फ्लॅश नसेल तर टॉर्च चालते, भिंतीला रंग देतो तसा हात सतत हलता ठेवायचा, थांबला की तिथे डाग.

केबिनमध्ये एक छोटा लाइट नक्की ठेवा. स्टेशनरीच्या दुकानात रंगीत जिलेटीन पेपर मिळतो, नारिंगीचे दोन थर फ्लॅशवर रबरबँडने लावा आणि फ्लॅश फायरबॉक्सच्या दारात, तोंड आतल्या भिंतीकडे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं भट्टी पेटलीय. पॉवर अगदी कमी, १/३२ वगैरे. ट्रिगर (लांबून फ्लॅश पेटवायचं यंत्र) नसेल तर मित्राला आत बसवा आणि मी खोकलो की बटण दाब असं सांगा. बाहेरचा उजेड पांढरा, जरा निळसर, आतला नारिंगी, एवढ्यावर थांबा. हिरवे, जांभळे लाइट लावून इंजिनाची गणपतीची आरास करू नका, ती करणारे खूप आहेत.

वाफ नाहीये, धूर नाहीये, हे खटकणारच. आम्ही एकदा अगरबत्तीचे तीन पुडे लावून बघितले, धूर दिसला नाही पण दोन माणसं नमस्कार करून गेली. त्यापेक्षा पाऊस नुकताच थांबलेला असताना जा. जमीन ओली, त्यात प्रतिबिंब, हवेत ओल असते त्यामुळे मागून मारलेल्या फ्लॅशचा झोत थोडा दिसतो. चालू पावसात समोरून फ्लॅश मारला तर प्रत्येक थेंब पांढरा ठिपका होऊन फोटोभर पसरतो, मागून मारला तर तेच थेंब सुंदर दिसतात. एसीतून काढलेला कॅमेरा लगेच उघडू नका, लेन्सवर वाफ धरते, बॅगेतच अर्धा तास राहू द्या.

फोनवर पण हे सगळं बरंचसं होतं, प्रो मोडमध्ये शटर हाताने ठेवता येतं, तांदळाची पिशवी फोनलाही चालते. फक्त नाइट मोड चालत्या गाडीला लावू नका, तो अनेक फोटो जोडतो आणि गाडीचे तुकडे करून कुठेही चिकटवतो.

काम झाल्यावर सामान मोजून भरा, अंधारात रबरबँड, ट्रिगर, लेन्सचं झाकण सगळं इंजिनाच्या काळ्या पायरीवर राहतं. माझा एक ट्रिगर असाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो, पायरी रिकामी होती, आणि इंजिनाशेजारच्या चहावाल्याच्या गाडीवर तो दोऱ्याने टांगलेला होता, म्हणाला, वाटलंच याल, आता चहा घेऊन जा.